फाटकातून गेलेली पेटी

देल्मिराला कुणी ‘नाही’ म्हटलं की तिच्या गुडघ्यांचं दुखणं पळून जातं, असं आमच्या सोतेलो गावात म्हणतात. आणि ते अगदी खरं आहे. एरवी ही एकोणसाठ वर्षांची बाई सकाळी चर्चच्या ओट्यावर बसून गुडघ्यांना मलम चोळताना असल्या शिव्या हासडते, की ऐकू येऊ नये म्हणून आतला पाद्री घंटा जरा जोरातच बडवतो.

दर शनिवारी ती शहरातून आलेल्या माणसांना सिल नदीच्या घळईत उतरवते. सकाळी उतरायचं, खाली कोवास वस्तीत एलादिओकाकाच्या कोठीत वाइन चाखायची, पोटभर खायचं आणि त्याच वाटेनं वर यायचं. चढताना अर्धे लोक देवाचा धावा करतात आणि अर्धे देल्मिराच्या नावानं बोटं मोडतात. तिला दोन्ही चालतं.

त्या ऑक्टोबरातल्या शनिवारी बिल्बाओहून आठ जण आले होते. सगळे निवृत्त, सगळे चालायला पक्के. त्यांची म्होरकी होती इत्सियार. तीस वर्षं रुग्णवाहिका चालवलेली बाई, खांदे दाराएवढे, आणि हसली की चर्चवरचे कावळे उडायचे.

“पहिला नियम,” देल्मिरानं काठी आपटून सांगितलं. “काकाच्या कोठीत वाइन तोंडात घोळवून थुंकायची नाही. थुंकणाऱ्याला काका परत वाढत नाही आणि मी त्याला वर आणत नाही.”

“आणि दुसरा नियम?” इत्सियारनं विचारलं.

“दुसरा अजून सुचलेला नाही. चला.”

द्राक्षतोडणी होऊन पंधरा दिवस झाले होते. तालींवरच्या वेली लाल पडल्या होत्या, आणि सरळ नदीत कोसळावा असा तो उतार, त्याला आमच्या बापजाद्यांनी दगडावर दगड रचून पायऱ्या पाडलेल्या. इथे यंत्र चालत नाही, गाढवसुद्धा विचार करून पाय टाकतं. बिल्बाओवाले थांबून थांबून फोटो काढत होते. “फोटो कसले काढता, पायाखाली बघा!” म्हणून देल्मिरा त्यांना हाकत होती. निम्मा उतार संपला, वाट वळली, आणि समोर लोखंडी फाटक.

फाटक नवं होतं. मागच्या शनिवारी इथे नुसते दोन खांब होते, आता कोऱ्या करकरीत रंगाची दारं बसवलेली. ती उघडी होती, आणि बाजूला कंपनीची टोपी घालून अमारो उभा होता. अमारो आमच्याच गावचा, पन्नाशीचा, मनानं मऊ. कंपनी म्हणजे ती बाहेरून आलेली वाइनवाली, जिनं तीन वर्षांत उताराचा मधला सगळा पट्टा विकत घेतला आणि नदीच्या वळणावर काचेचा भला मोठा हॉल बांधला.

“देल्मिरा, उतरायचं तर उतर,” अमारो म्हणाला. बोलताना तो तिच्या काठीकडे बघत होता. “पण बारा वाजता कुलूप लावायचा हुकूम आहे. वर यायला ही वाट नाही.”

“मग काय, उडत येऊ?”

“कंपनीची होडी येणार आहे खाली घाटावर. आमच्या लोसादासाहेबांनी मुद्दाम पाठवलीय. तुम्हा सगळ्यांना काचेच्या हॉलवर नेतील, तिथे वाइन, तिथून बस. सगळं फुकट.”

“आणि एलादिओकाकाचं काय?”

“त्याला आठवड्यातून दोनदा होडी मिळेल. मंगळवारी आणि शुक्रवारी.”

“आणि बुधवारी दाढ दुखली तर?”

“काकाला दाढा कुठे उरल्यात?” अमारो बोलून गेला आणि लगेच ओशाळला. “माझ्यावर कशाला डाफरतेस, देल्मिरा? मी हुकमाचा ताबेदार.”

“टोपी मोठी आहे रे तुला,” देल्मिरा म्हणाली. “डोळ्यांवर येतेय.” आणि ती पुढे झाली. पण ओलांडताना तिनं फाटकाच्या कडीकडे वळून बघितलं.

कारण तिला ठाऊक होतं. नगरपालिकेतल्या नकाशात ही वाट नाही. नकाशा काढणारा शहरातून आला होता, वरूनच खाली बघून, टोपी सावरून परत गेला होता. तिथला कारकून देल्मिराला स्पष्टच म्हणाला होता, “बाई, लोक वापरतायत तोवर वाट आहे. एकदा फाटक लागलं आणि लोकांनी मुकाट्यानं दुसरा रस्ता धरला, की संपलं. मग कोर्टात जा, दहा वर्षं लागतील.” एलादिओकाका अठ्ठ्याऐंशीचा. त्याला दहा वर्षं कुठून आणायची? आज ही माणसं होडीत बसली की वाट गेली, आणि तिच्या मागोमाग कोवास गेलं.

देल्मिराचा जन्म त्याच कोवासमधला. तेव्हा खाली अकरा चुली पेटायच्या. शाळेसाठी ती रोज ही वाट चढायची, पावसात डोक्यावर पोतं घेऊन. पुढे बारा वर्षं जिनीव्हात हॉटेलातल्या खाटांवर चादरी ओढल्या. तिथे डोंगर होते, पाणी होतं, प्रत्येक जिन्याला धरायला कठडासुद्धा होता. “कठड्यांनीच जीव घाबरा झाला माझा,” असं सांगत ती परत आली आणि शाकीनशी लग्न करून मोकळी झाली. शाकीन एका फेब्रुवारीत छाटणी करता करता वेलीतच आडवा झाला. त्याला याच वाटेनं वर नेलं. या वाटेची वळणं उगाच रुंद नाहीत. खांद्यावरची पेटी वळावी म्हणून जुन्या माणसांनी ती तशी केलीत. आणि फाटकाच्या जरा खाली एक लांबट दगड आहे, पेटी टेकवून दम खायला. त्या दगडापाशी देल्मिरा नवऱ्याच्या पेटीवर हात ठेवून बसली होती. कंपनीनं तो पट्टा घेतला तेव्हा कागदात त्या दगडाचा उल्लेख कुणी केला असेल, असं मला वाटत नाही.

खाली काका दारातच उभा होता. कोवासमध्ये आता एकटा तोच राहतो. काटकुळा, पाठ वाकलेली, पण जीभ सरळ.

“आठच?” त्यानं मोजून विचारलं. “बाकीचे दरीत टाकलेस की काय, देल्मिरे?”

“आठांतच ऐंशींची भूक आहे, काका. वाढा.”

कोठीत गारवा होता. काकानं जुन्या पिंपाची तोटी सोडली आणि पांढऱ्या वाडग्यांत गेल्या सालची काळसर लाल वाइन ओतली. राईची भाकर, ताजं चीज, धुरावलेले सॉसेज. बिल्बाओवाल्यांतला एक चष्मेवाला वाडगी नाकाशी धरून डोळे मिटून हुंगत बसला. काका त्याच्याकडे वाकला.

“काय रे, मेलंय का काही त्यात?”

“नाही, नाही! मी वास... जांभळाचा, थोडा पाटीच्या दगडाचा...”

“वास नंतर घे. आधी पी. तो काय पळून जात नाही.”

सगळे हसले, चष्मेवाला सगळ्यांत जास्त. त्यानं ती घोटाघोटानं संपवली आणि वाडगी पुढे केली. काकानं ती काठोकाठ भरली. काकाकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

मग काका कोपऱ्यात गेला, एका लांब लाकडी पेटीचं झाकण उचललं आणि त्यातून ओंजळीनं भाजके चेस्टनट काढून आणले. इत्सियारचा घास हातातच राहिला.

“आजोबा, ही तर शवपेटी आहे!”

“हो, माझीच,” काका म्हणाला. “झाड माझं, लाकूड माझं, वीस वर्षांपूर्वी करून घेतली. आता मी मरायला उशीर करतोय, तर तोवर रिकामी कशाला ठेवायची? हिच्यात उंदीर शिरत नाही. खा, खा.”

तेवढ्यात घाटावरून होडीचा भोंगा वाजला. दोनदा, लांबलचक.

देल्मिरा उठली. तिनं काही आडपडदा ठेवला नाही. तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. फाटक, नकाशा, कारकून, काकाची मंगळवार-शुक्रवारची होडी. “तुम्ही पाहुणे आहात,” ती म्हणाली. “होडीनं गेलात तर मी राग धरणार नाही. धरीन, पण तोंडावर दाखवणार नाही. मी मात्र आले त्याच वाटेनं जाणार. फाटकाला कुलूप असलं तर फाटकाशी बसणार.”

कुणीच हललं नाही. इत्सियारनं आपली वाडगी पुन्हा पुढे केली. “होडीत मला मळमळतं,” ती म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाएकी सगळ्या बिल्बाओला होडी लागायला लागली.

“पण बसून काय होणार?” चष्मेवाल्यानं विचारलं. “संध्याकाळी पोलीस येतील, आपल्याला उचलतील.”

तेही खरंच होतं. देल्मिराची नजर फिरत फिरत त्या उघड्या पेटीवर गेली आणि तिथेच अडकली. मनात आलं ते तिला भलतंच वाटलं. छे, असली थट्टा? ज्या वाटेनं शाकीनला नेलं त्या वाटेवर? मग तिला शाकीन आठवला. तो असता तर एव्हाना पेटीची एक बाजू त्यानं उचललीसुद्धा असती.

“काका,” ती म्हणाली, “आमच्या गावात मढ्याला अजून कुणी अडवलेलं नाही.”

काकानं तिच्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. “चेस्टनट आधी पोत्यात काढा,” तो म्हणाला. “मला पाठीला टोचतील.”

“बूट घाला ते! वरच्या दगडापर्यंत तुम्ही चालायचंय,” इत्सियारनं कामाचा ताबा घेतला. “पेटीच चाळीस किलोची आहे. पेशंट शेवटी भरायचा.”

आणि अशी ती मिरवणूक निघाली. पुढे देल्मिरा, मग सहा जणांच्या खांद्यावर रिकामी पेटी, आणि पेटीच्या मागे मयत, खिशातले चेस्टनट सोलून खात आणि उचलणाऱ्यांना सूचना देत. “डावीकडे धरा! अरे, डावा हात कुठला तेही कळत नाही का? माझ्या खऱ्या वेळेला असलं चालणार नाही, सांगून ठेवतो!” घाटावरचा होडीवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला.

लांबट दगडापाशी पेटी टेकवली. काका आत आडवा झाला आणि छातीवर हात जोडले. आता मात्र कुणी हसलं नाही. झाकण देल्मिरानं ठेवलं. श्वासाला फट राहावी म्हणून तिनं कडेला एक चेस्टनट अडकवला.

“देल्मिरे,” आतून आवाज आला. “ऐसपैस आहे गं.”

“मेलेलं माणूस बोलत नाही, काका.”

फाटकाला कुलूप होतं. आत अमारो, आणि त्याच्या शेजारी स्वतः लोसादासाहेब. इस्त्रीचा शर्ट, पायात असे बूट की चिखलानं त्यांचं कधी तोंड पाहिलेलं नाही. माणूस तसा वाईट नाही, पण त्याला वाटतं की जगात जे काही आहे ते कुठल्या तरी कागदावर असतंच. होडी रिकामी परतल्याचं कळल्यावर तो वरच्या रस्त्यानं गाडीतून आला होता. वळणावर पेटी दिसली आणि तो म्हणाला, “हा काय प्रकार आहे?”

अमारोनं पेटी पाहिली, देल्मिराचा चेहरा पाहिला, मागे काका नाही हे पाहिलं. त्याचा रंग उडाला. त्यानं टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली, आणि किल्ली काढून कुलूप उघडलं. दोन्ही दारं थेट बांधाला टेकेपर्यंत मागे लोटली.

“अमारो! मी उघडायला सांगितलं का?”

“साहेब, मयत आहे.”

“डॉक्टरचा दाखला कुठे आहे? ही खासगी जागा आहे!”

“साहेब,” अमारो हळूच म्हणाला, “बाजूला व्हा.” आणि काय असेल ते असो, लोसादासाहेब बाजूला झाला.

पेटी फाटकातून पलीकडे आली. इत्सियारच्या खुणेनं सगळे थांबले, पेटी खाली टेकवली. ठरलेलं असं होतं की न थांबता सरळ वर जायचं; पण अमारो आडवा आला होता. त्यानं देल्मिराला विचारलं, “कधी गेला गं?”

कंपनीशी, नगरपालिकेशी, साक्षात बिशपशी ती खोटं बोलली असती. अमारोशी तिला खोटं बोलवेना. अमारोनं उत्तराची वाट पाहिलीच नाही. तो गुडघ्यांवर बसला, झाकणावर हात ठेवला.

“काका,” तो म्हणाला, “छाटायला तू शिकवलंस मला. माझी आई गेली तेव्हा पुढचा खांदा तुझा होता, सत्त्याहत्तराव्या वर्षी. आणि मी तुझ्याच वाटेवर कुलूप घेऊन बसलो. दोन पोरींची कॉलेजं आहेत रे, काका, नाहीतर मी...” पन्नाशीचा बाप्या लहान पोरासारखा हुंदके देत होता. चष्मेवाल्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. देल्मिराला वाटलं, आपण आज काय केलं हे! धरणीनं पोटात घ्यावं.

“रडू नकोस रे, गाढवा,” पेटी म्हणाली. “नाक पूस आधी.”

झाकण सरकलं आणि काका उठून बसला. अमारो असा मागे उडाला की थेट वेलीत जाऊन पडला.

“फसवणूक!” लोसादासाहेब ओरडला. त्याला एकदम कंठ फुटला. “धडधडीत फसवणूक! अमारो, या सगळ्यांना फाटकाबाहेर काढ. खाली! होडीनं जातील. आणि कुलूप लाव. आत्ता!”

अमारो वेलीतून उठला. अंगाला लाल पानं चिकटलेली, डोळे सुजलेले. “म्हाताऱ्या!” तो काकावर धावला. “लाज नाही वाटत? माझा जीव गेला असता! टोपी काढली मी तुझ्यासाठी! हलकटा, मी खरंच रडलो!”

“ऐकलं ना मी,” काका म्हणाला. त्याचेही डोळे कोरडे नव्हते. “म्हणून तर उठलो. पडून राहवेना.”

“कुलूप, अमारो,” लोसादासाहेब म्हणाला. “नाहीतर टोपी इथे ठेव आणि घरी जा.”

किल्ली अमारोच्या मुठीत होती. सगळे त्या मुठीकडे बघत होते. देल्मिराला सांगायचं होतं, विनवायचं होतं, पण तिनं ओठ घट्ट मिटले. कॉलेजात शिकणाऱ्या त्या पोरी तिच्या नव्हत्या. अमारोनं बाहीनं नाक पुसलं. मग त्यानं वळून फाटकाकडे बघितलं, बराच वेळ.

“लावता येत नाही, साहेब,” तो म्हणाला.

“का नाही?”

“पेटी गेलीय ना यातून. आमच्याकडे ज्या दारातून पेटी जाते, ते दार दफन होईपर्यंत लावत नाहीत. माझ्या आईच्या वेळी जानेवारी होता, बर्फ पडत होतं, दोन दिवस घराचं दार सताड उघडं होतं. मातीवर माती पडल्याशिवाय दाराला हात लावायचा नसतो.”

“अरे, पण हा माणूस जिवंत आहे!”

“हो ना,” अमारो म्हणाला. “मग पुरणार कसा?”

इत्सियार हसली आणि घळईतले सगळे कावळे उडाले. काका पेटीत बसल्या बसल्या म्हणाला, “मला काही घाई नाही, साहेब. तुमचं सावकाश चालू द्या.”

लोसादासाहेबाचा चेहरा लाल झाला होता, पण तो मूर्ख नव्हता. त्यानं आवाज खाली आणला. “ठीक आहे. याचं वय किती? नव्वद? दोन वर्षं, तीन वर्षं. कंपनी थांबेल.”

“थांबा की,” देल्मिरा म्हणाली. गुडघे विसरून ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. “काका गेला की आम्ही त्याला या वाटेनं वर नेऊ, आणि तो मातीत जायच्या आत माझी पेटी इथून जाईल. सोमवारी सुताराला माप देते. मी उठून बसेन आणि घरी जाऊन जेवेन. मग आणखी तीस वर्षं उघडं ठेवा फाटक. माझ्यानंतर गावात दोनशे माणसं आहेत, साहेब, आणि मरायचं सगळ्यांनाच आहे. त्यासाठी आम्हाला नकाशा लागत नाही.”

लोसादासाहेबानं अमारोकडे बघितलं. अमारोनं कंपनीची टोपी उचलून फाटकाच्या खांबावर ठेवली, किल्ली तिच्यात टाकली आणि पेटीशी येऊन इत्सियारला म्हणाला, “सरका, ताई. पुढचा खांदा माझा.”

“तो उतरेल आता,” इत्सियार म्हणाली. “चालता येतं त्याला.”

“मी नाही उतरत,” काका म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला. “घाम येईपर्यंत वाहू दे याला. मला गाढवासारखं रडवलंय यानं.”

“उचला,” देल्मिरा म्हणाली. “चर्च अजून तीनशे पायऱ्या वर आहे.”